ज्या दिवसाचा सिनेमा त्या दिवशी : सत्तरच्या दशकातल्या कमी पाहिल्या गेलेल्या जागतिक चित्रपटांचं वर्षभराचं वेळापत्रक

झरोका

१९७० ते १९७९ या दहा वर्षांतले, आपल्याकडे फारसे न पाहिले गेलेले चित्रपट वर्षभरात कसे बघता येतील, याचा आराखडा इथे मांडते आहे. 'शंभर उत्कृष्ट' छापाच्या याद्या पुष्कळ आहेत. त्यांचं होतं असं की जानेवारीत दहा चित्रपट भराभर बघून होतात आणि मार्चमध्ये यादी बंद पडते. पुढचा चित्रपट आजच का बघायचा, याला यादीकडे उत्तर नसतं. म्हणून इथे नियम वेगळा आहे. चित्रपट ज्या तारखेबद्दल किंवा ज्या हवेबद्दल आहे, त्या तारखेला, त्या हवेत तो बघायचा. या दशकाला हा नियम फार चांगला लागू पडतो, कारण लॅटिन अमेरिका, आफ्रिका, इराण, पूर्व युरोप इथले कितीतरी चित्रपट नेमक्या दिवसावर, पिकाच्या हंगामावर, एखाद्या सणाच्या आठवड्यावर उभे आहेत.

महिन्याला साधारण दोन धरले आहेत. आठवड्याला एक धरू नका. प्रत शोधणं, मागची-पुढची माहिती वाचणं, सबटायटल्स जुळवणं यात एक आठवडा सहज जातो.

वर्ष कुठलं धरायचं? चित्रपट बनला ते. प्रदर्शित झाला ते नाही. कारेल काखिन्याचा 'द इअर' (म्हणजे कान) १९७० मध्ये चेकोस्लोव्हाकियात तयार झाला आणि १९९० पर्यंत डब्यात बंद राहिला. अलेक्सेई गेर्मानचा 'ट्रायल ऑन द रोड' १९७१ चा, पण लोकांसमोर आला १९८६ मध्ये. प्रदर्शनाचं वर्ष धरलं तर ज्यांच्यावर बंदी आली नेमके तेच यादीतून गळतात.

जानेवारी बर्फाचा. लारिसा शेपित्कोचा 'द असेंट' (१९७७) आणि कोरियाच्या ली मान-हीचा 'द रोड टू साम्पो' (१९७५). पहिल्यात जर्मनव्याप्त बेलारूसमधले दोन बंडखोर अन्न शोधायला निघतात आणि पकडले जातात. वासिल बिकाव यांच्या लघुकादंबरीवर आधारलेला हा चित्रपट मुरोम शहराजवळ, उणे चाळीस अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत चित्रित झाला. नटांच्या चेहऱ्यावरचा गारठा खरा आहे. १९७७ च्या बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल मिळालं. दुसऱ्यात तीन वाटसरू बर्फातून चालत राहतात, एवढंच कथानक. हा ली मान-हीचा अखेरचा चित्रपट. तो पडद्यावर येण्याआधीच दिग्दर्शक वारला.

फेब्रुवारीची ४ तारीख सारा माल्दोरोरच्या 'सांबिझांगा'साठी (१९७२) राखून ठेवा. ४ फेब्रुवारी १९६१ ला लुआंडातल्या तुरुंगावर हल्ला झाला आणि अंगोलाचा स्वातंत्र्यलढा पेटला. चित्रपट त्या हल्ल्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबतो. त्याआधीचा सगळा वेळ, पाठीशी तान्हं मूल बांधून नवऱ्याचा ठावठिकाणा विचारत एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात जाणाऱ्या मारियाचा आहे. महिनाअखेरीस इराणच्या सोहराब शाहिद सालेसचा 'स्टिल लाइफ' (१९७४). रेल्वे फाटकावरचा म्हातारा गेटमन, गालिचा विणणारी बायको, ओलसर थंडी, आणि एक दिवस आलेलं निवृत्तीचं पत्र.

मार्च-एप्रिलमध्ये ख्रिस्ती पवित्र सप्ताह येतो. त्याची तारीख दरवर्षी सरकते, तेव्हा कॅलेंडर बघून ठरवा. गुरुवारी संध्याकाळी तोमास गुतिएरेझ आलेआचा 'द लास्ट सपर' (१९७६, क्यूबा). अठराव्या शतकाअखेरचा ऊसमळ्याचा मालक बारा गुलामांना जेवायला बसवतो आणि स्वतः येशूच्या जागी बसतो. चित्रपटातली भोजनाची रात्र गुरुवारचीच आहे. शुक्रवारी माइक दे लेओनचा 'इतिम' (१९७६, फिलिपिन्स). त्याचं कथानक त्याच सप्ताहातलं, पण ही पूर्णपणे झपाटलेल्या घराची गोष्ट आहे.

चैत्र-वैशाखात, नद्या आटलेल्या असताना, 'तिताश एकटि नदीर नाम' (१९७३). ऋत्विक घटकांनी तो बांगलादेशात जाऊन केला, म्हणून जागतिक यादीत घेतला आहे. १५९ मिनिटं लागतात. २५ एप्रिलला पोर्तुगालच्या १९७४ च्या क्रांतीचा दिवस असतो. त्या दिवसापासून १ मेपर्यंत लिस्बनच्या रस्त्यांवर टिपलेल्या चित्रणाचा 'आस आर्मास ए ओ पोवु' हा माहितीपट तेव्हा बघता येईल.

१ मे : मिक्लोश यान्चोचा 'रेड साम' (१९७२, हंगेरी). ८७ मिनिटांचा, आणि शॉट तीसहून कमी. मे महिन्याच्या भर उन्हात तौफिक सालेहचा 'द ड्यूप्स' (सीरिया, १९७२).

जून : सफी फायचा 'कद्दू बेकत' (१९७५, सेनेगल), म्हणजे पावसाची वाट बघणारं गाव. २४ जूनला होर्खे सान्खिनेसचा 'द करेज ऑफ द पीपल' (१९७१, बोलिव्हिया).

११ सप्टेंबर : पात्रिसिओ गुझमानचा 'द बॅटल ऑफ चिले'. १४ सप्टेंबर : फेलिपे काझाल्सचा 'कानोआ' (१९७६, मेक्सिको).

२८ ऑक्टोबर : थिओ अँजेलोपूलोसचा 'द ट्रॅव्हलिंग प्लेयर्स' (१९७५, ग्रीस).

नोव्हेंबर : झोल्तान हुसारिकचा 'सिन्दबाद' (१९७१, हंगेरी).

डिसेंबर : इराणच्या मोहम्मद रझा असलानीचा 'चेस ऑफ द विंड' (१९७६), आणि ३१ तारखेला एल्दार रियाझानोवचा 'द आयरनी ऑफ फेट'.

जुलै-ऑगस्ट रिकामे आहेत. सुचवा. चुका असतील तर त्याही सांगा.

---

सोळा_एमएम

'बॅटल ऑफ चिले' एका दिवशी सलग लावू नका. त्याचे तीन भाग आहेत (१९७५, १९७६, १९७९), मिळून सव्वाचार तासांच्या वर जातात. आणि तुमचाच नियम लावला तर प्रत्येक भागाची तारीख वेगळी निघते.

पहिला भाग संपतो तो २९ जून १९७३ च्या फसलेल्या लष्करी उठावावर. त्यात लिओनार्दो हेन्रिक्सन या अर्जेंटिनी कॅमेरामनने टिपलेलं शेवटचं दृश्य आहे : समोरचा सैनिक कॅमेऱ्यावर नेम धरतो, गोळी सुटते, चित्र कलंडतं. दुसरा भाग त्याच दिवसापासून सुरू होऊन ११ सप्टेंबरला लष्कराने सत्ता बळकावताना राष्ट्राध्यक्ष भवनावर केलेल्या बाँबहल्ल्यापर्यंत जातो. तिसरा भाग काळात मागे येतो. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप करून देश अडवला, तेव्हा कारखान्यांत आणि वस्त्यांत लोकांनी पुरवठा स्वतः कसा चालवला, हे त्यात आहे.

तेव्हा पहिला भाग २९ जून, दुसरा ११ सप्टेंबर, तिसरा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तिसरा भाग दुसऱ्यानंतर लगेच पाहिला तर तो पुरवणीसारखा वाटतो आणि लोक तो अर्धवट सोडतात. महिनाभराच्या अंतराने पाहिला की उठावाआधी तिथे काय उभं राहिलं होतं, ते स्वतंत्रपणे दिसतं. तिन्हींत तोच सर्वांत शांत आणि सर्वांत महत्त्वाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

कच्ची फिल्म फ्रान्सहून दिग्दर्शक क्रिस मार्करने पाठवली होती. उठावानंतर चित्रित रिळं देशाबाहेर काढली गेली आणि संकलन क्यूबात झालं. छायाचित्रकार होर्खे म्युलर सिल्वा याला नोव्हेंबर १९७४ मध्ये चिलीच्या गुप्त पोलिसांनी उचललं, तो परत आला नाही. चित्रपट त्यालाच अर्पण केला आहे. हात न थरथरता गर्दीतून चालणारा तो कॅमेरा बघताना हे माहीत असावं.

---

पाणकावळा

मग २४ जून आणि २९ जून पाठोपाठ आले. दोन्ही रक्तपाताचे. झेपेल का?

---

सोळा_एमएम

'करेज ऑफ द पीपल' तारखेलाच बघा, ती सोडू नका. २३ जूनच्या रात्री सान हुआनचा सण असतो. दक्षिण गोलार्धात ती ऐन हिवाळ्यातली रात्र, आणि खाणकामगारांची वस्ती समुद्रसपाटीपासून खूप उंचावर, म्हणून शेकोट्या पेटवतात. १९६७ मध्ये त्या शेकोट्या विझत आल्या असताना, २४ जूनच्या पहाटे, सैन्य सिग्लो व्हेइन्तेच्या खाणवस्तीत घुसलं. सान्खिनेसने वाचलेल्यांनाच त्यांच्या भूमिका दिल्या. पैसा इटालियन दूरचित्रवाणीचा होता. सुरुवातीला आधीच्या हत्याकांडांची ठिकाणं आणि आकडे एकामागून एक येतात. तिथे कंटाळून पुढे ढकलू नका, चित्रपटाचा पाया तोच आहे.

चिलीचा पहिला भाग हवा तर जुलैच्या पहिल्या शनिवारवर ढकला.

शोधताना लक्षात ठेवा : हा चित्रपट 'द नाइट ऑफ सान हुआन' या नावानेही नोंदलेला सापडतो.

---

तळटीप

नावांचा मुद्दा निघालाच आहे तर. या दशकातल्या चित्रपटांना तीन-तीन, चार-चार नावं आहेत. लिनो ब्रोकाचा १९७५ चा मनिलावरचा चित्रपट 'मनिला इन द क्लॉज ऑफ लाइट', '…ऑफ निऑन' आणि '…ऑफ डार्कनेस' अशा तिन्ही नावांनी फिरतो. म्हणजे उजेड आणि अंधार, दोन्ही. 'इतिम'चं इंग्रजी नाव 'द राइट्स ऑफ मे' आहे, आणि 'मे' वाचून तो मे महिन्यात टाकू नका, सप्ताह पवित्रच आहे. शोधताना मूळ भाषेतलं नाव, दिग्दर्शकाचं आडनाव आणि वर्ष (एक इकडे, एक तिकडे धरून) या तीन गोष्टी वापरा. मग चुकत नाही.

नावावरून ऋतू ठरवण्याचा आणखी एक सापळा म्हणजे बहराम बेझाईचा 'रगबार' (१९७२). अर्थ 'पावसाची सर', म्हणून तो हमखास जुलैत ढकलला जातो. तो पावसाचा चित्रपट नाही. दक्षिण तेहरानच्या शाळेत बदलून आलेला हेकमती नावाचा शिक्षक, विद्यार्थ्याच्या थोरल्या बहिणीवर बसलेलं त्याचं मन, आणि मोडकळीला आलेलं शाळेचं सभागृह एकट्याने दुरुस्त करण्याचा त्याचा हट्ट. याला जूनचा दुसरा आठवडा द्या, आपल्याकडे शाळा उघडतात तेव्हाचा.

त्याच्या प्रतीबद्दलही सांगतो. मूळ निगेटिव्ह जप्त झाली, हाती राहिली ती दिग्दर्शकाजवळची एकच ३५ मिमी प्रत. ओरखडे, फाटलेली छिद्रं, मधोमध जोड. २०११ च्या पुनर्संचयनाला दीड हजारांहून अधिक तास लागले. त्या प्रतीवर इंग्रजी सबटायटल्स चित्रातच छापलेली होती. त्यामुळे ती बंद करता येत नाहीत. बंद करायचं बटण शोधत बसू नका.

---

निमशहरी

'द ड्यूप्स' मे महिन्यात का? घसान कनफानींच्या मूळ लघुकादंबरीत प्रवास ऑगस्टमधला आहे. बसऱ्याहून कुवेतला जाणाऱ्या ट्रकची रिकामी पाण्याची टाकी, आत लपलेले तीन पॅलेस्टिनी, आणि वरून ऑगस्टचं ऊन. तारखेचा नियम पाळायचा तर ऑगस्ट हवा.

---

झरोका

इथे मी हवेला झुकतं माप दिलं. आपल्याकडे ऑगस्टमध्ये बाहेर पाऊस असतो, भिंती ओल्या असतात. त्या चित्रपटाचा सगळा ताण मिनिटांवर आहे : टाकीचं झाकण लावल्यापासून नाक्यावरचे कागद होईपर्यंत माणूस आत किती वेळ तग धरेल. तो ताण अंगाला लागायला आपला मे हवा. नियम असा करू या : चित्रपटात इतिहासातली ठरावीक तारीख असेल तर तारीख पाळायची. नुसता महिना असेल तर आपल्या हवेशी जुळवायचं.

आणि शेवट पुस्तकापेक्षा वेगळा आहे. पुस्तक वाचलेल्यांनीही शेवटची दहा मिनिटं कान देऊन ऐका.

---

निमशहरी

पटलं. मग ऑगस्टसाठी खालिद अल-सिद्दिकचा 'बस या बहर' (१९७२) घ्या. कुवेतचा पहिला कथापट. तेल सापडण्याआधीचा काळ, मोती काढणाऱ्या पाणबुड्यांची घरं. आखातात मोत्यांच्या नावा उन्हाळ्यात निघत आणि सप्टेंबरच्या सुमारास परतत, तेव्हा ऑगस्ट त्याला चपखल बसतो.

जुलैसाठी किदलात ताहिमिकचा 'परफ्यूम्ड नाइटमेअर' (१९७७, फिलिपिन्स). जीपनी (तिथली जीपसारखी प्रवासी गाडी) चालवणारा खेड्यातला तरुण, अंतराळयानांचं वेड, आणि युरोपात गेल्यावर हळूहळू उतरत जाणारं ते वेड. जून आणि सप्टेंबर इतके जड आहेत की मध्ये हा मोकळा, खट्याळ चित्रपट हवाच. दिग्दर्शक स्वतःच नायक आहे, निवेदनही त्याचंच, आणि ते इंग्रजीत असल्यामुळे सबटायटल्सचा भारही कमी.

---

काळीपांढरी

पडद्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कारण यातले निम्मे चित्रपट टीव्हीच्या मूळ सेटिंगवर बिघडतात.

पहिली गोष्ट, चित्राची चौकट. 'असेंट' आणि 'ट्रॅव्हलिंग प्लेयर्स' जवळपास चौकोनी आहेत, १.३७:१. रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. ते घालवायला 'झूम' केलं की वरून-खालून मिळून जवळपास चौथा भाग कापला जातो. 'असेंट'मध्ये चेहरे चौकटीच्या कडेपर्यंत भरलेले आहेत. झूम केल्यावर कपाळ आणि हनुवटी जाते. 'स्ट्रेच' केलं तर सगळे जाडे दिसतात. 'ओरिजिनल' किंवा 'जस्ट स्कॅन' ठेवा.

दुसरी, हालचाल गुळगुळीत करणारी सोय. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, सहसा 'मोशन' हा शब्द असलेलं. ती बंद करा. टीव्ही २४ चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रं घालतो. यान्चोच्या लांब, गोल फिरणाऱ्या शॉटमध्ये माणसांच्या कडा त्यामुळे विरघळल्यासारख्या दिसतात. १६ मिमीवर काढलेल्या चित्रपटांत फिल्मचे दाणे गायब होऊन चेहरे मेणाचे होतात. 'नॉइज रिडक्शन'ही बंद.

तिसरी, उजेड. 'चेस ऑफ द विंड' मेणबत्त्या आणि दिव्यांच्या उजेडात काढलेला आहे. टीव्हीचा वीज वाचवणारा मोड चालू असेल तर वाड्यातला जिना नुसता काळा ठिपका दिसतो. तो मोड बंद करा, 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा, खोलीतला दिवा घालवा. 'ब्राइटनेस' वाढवू नका, काळा रंग राखाडी होतो. वाढवायचाच तर 'बॅकलाइट'.

---

पाणकावळा

'चेस ऑफ द विंड'ची प्रत कुठून आली ते फार विलक्षण आहे. १९७६ मध्ये तेहरानच्या महोत्सवात एकदा दाखवला गेला, क्रांतीनंतर बंदी आली, सगळ्यांनी तो गेलाच असं धरलं. २०१४ मध्ये तेहरानमधल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात निगेटिव्हचे डबे सापडले. २०२० मध्ये तो नव्याने साफ होऊन जगासमोर आला.

---

तळटीप

आता सबटायटल्स. वर्षभराच्या कार्यक्रमात लोक सर्वांत जास्त इथे अडतात, म्हणून सविस्तर लिहितो.

चित्रपट सेकंदाला २४ चित्रं या वेगाने काढलेला असतो. युरोपातल्या जुन्या टीव्ही-डीव्हीडीसाठी तो २५ ने चालवत. म्हणजे सुमारे ४ टक्के वेगाने. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज जवळपास पाऊण अर्धस्वराने चढतो. म्हणून एकाच चित्रपटाची लांबी दोन ठिकाणी वेगळी दिसली की 'कापलेला आहे' असा निष्कर्ष लगेच काढू नका. आधी मोठ्या आकड्याला ०.९६ ने गुणून बघा. उत्तर लहान आकड्याशी जुळलं तर फरक वेगाचा आहे, कात्रीचा नाही.

हाच घोळ सबटायटल्समध्ये येतो. तुमची प्रत २४ ची आणि फाइल २५ च्या प्रतीवरून बनवलेली असेल तर ओळी लवकर येऊ लागतात. तपासायची पद्धत अशी. पाचव्या मिनिटाच्या आसपास एक स्पष्ट संवाद पकडा, फरक लिहून ठेवा. मग सत्तराव्या मिनिटाला तेच करा.

फरक दोन्हीकडे सारखा असेल तर नुसतं सरकवायचं. व्हीएलसी प्लेयरमध्ये जी आणि एच या कळांनी सबटायटल मागे-पुढे होतं, एका दाबाला ५० मिलिसेकंद.

फरक वाढत जात असेल, दहाव्या मिनिटाला सुमारे २४ सेकंद आणि शंभराव्याला चार मिनिटं, तर वेग बदलावा लागेल. 'सबटायटल एडिट' हा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात 'चेंज फ्रेम रेट' मध्ये २५ वरून २४ करा. तुमची प्रत २३.९७६ ची असेल तर तोच आकडा भरा. २४ आणि २३.९७६ मधला फरक १०० मिनिटांत फक्त सहा सेकंदांचा असतो, पण शेवटच्या प्रसंगात तोही खटकतो.

फरक एका जागी अचानक उडी मारत असेल तर मात्र प्रत खरोखर वेगळी आहे, एखादा प्रसंग कमी किंवा जास्त. त्या जागेपासून पुढच्या ओळी निवडून तेवढ्याच सरकवा.

मराठी सबटायटल्स स्वतः करणाऱ्यांसाठी : फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये जतन करा, नाहीतर चौकोन दिसतात. एका ओळीत ३५-४० अक्षरांपेक्षा जास्त घालू नका. जोडाक्षरं आणि वरच्या-खालच्या मात्रांमुळे देवनागरीला उंची जास्त लागते. दोन ओळींत चित्राचा बराच भाग झाकला जातो. आणि बर्फातल्या चित्रपटांना पांढरी अक्षरं ठेवू नका. 'असेंट'ला पिवळी, काळ्या किनारीची.

---

मोडीवाचक

२८ ऑक्टोबरला 'ट्रॅव्हलिंग प्लेयर्स' घेणाऱ्यांसाठी. २३० मिनिटं आहेत, फक्त ८० च्या आसपास शॉट, आणि एकाच शॉटमध्ये काळ बदलतो. गावोगाव फिरणारी नाटक मंडळी १९५२ च्या निवडणूक-प्रचाराच्या रस्त्यावरून चालायला लागतात आणि त्याच रस्त्यावर १९३९ मध्ये पोचतात. मध्ये पाटी येत नाही. आधी एका कागदावर एवढं लिहून समोर ठेवा :

१९३६ मेताक्सासची हुकूमशाही. २८ ऑक्टोबर १९४० इटलीचं आक्रमण. एप्रिल १९४१ जर्मन आले. ऑक्टोबर १९४४ मुक्तता. डिसेंबर १९४४ अथेन्समध्ये डावे आणि ब्रिटिश यांची लढाई. फेब्रुवारी १९४५ वार्किझाचा करार, शस्त्रं खाली. १९४९ पर्यंत यादवी. नोव्हेंबर १९५२ उजव्या बाजूचा माजी सेनापती पापागोस निवडून आला.

याच्याशेजारी आत्रेउसच्या घराण्याची ग्रीक कथा : आगामेम्नॉनला बायको आणि तिचा प्रियकर मारतात, मुलगा ओरेस्तेस आणि मुलगी इलेक्ट्रा सूड घेतात. नाटक मंडळीतले लोक हीच कथा जगतात. ही दोन पानं समोर असली की चित्रपट अवघड राहत नाही.

बघताना गाण्यांकडे लक्ष द्या. डावी की उजवी, कुठली बाजू वरचढ आहे हे संवादांपेक्षा आधी गाण्यांतून कळतं. १९४६ च्या नववर्षाच्या नाचाच्या प्रसंगात तर दोन्ही बाजू एकमेकींशी गाण्यांनीच भांडतात. तुमच्या प्रतीत गाण्यांची सबटायटल्स नसतील तर दुसरी प्रत शोधा, ही बाब सोडून देण्यासारखी नाही. दोन बैठकींत बघितला तरी चालेल, पण दोन बैठकी सलग दिवशी.

---

काळीपांढरी

दोन सूचना. 'कद्दू बेकत' मध्ये फार काही 'घडत' नाही म्हणून लोक सोडतात. तो पत्राच्या रूपात आहे : दिग्दर्शिका स्वतःच्या गावाहून लिहिते आहे. भुईमूग हे एकच पीक, पावसाने दिलेला दगा, लग्नासाठी लागणारे पैसे नाहीत म्हणून डकारला गेलेला न्गोर. आपल्या कोरडवाहू भागातल्या कुणालाही तो हिशोब समजावून सांगावा लागणार नाही. मृगाच्या आसपास बघा.

दुसरी सूचना जिब्रिल दियोप माम्बेतीच्या 'तूकी बूकी'बद्दल (१९७३). यादीत नाही, पण कुणीतरी घालणारच, आणि घालावाच. सुरुवातीलाच खऱ्या कत्तलखान्यातलं चित्रण आहे. मुलं सोबत असतील तर आधी माहीत असू द्या.

---

निमशहरी

डिस्कवर बघणाऱ्यांसाठी. भारत डीव्हीडीसाठी विभाग ५ मध्ये आणि ब्लू-रेसाठी विभाग सी मध्ये येतो. अमेरिकेतल्या क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीच्या ब्लू-रे विभाग ए च्या असतात, इथल्या साध्या प्लेयरवर चालत नाहीत. सर्व विभागांचा प्लेयर असेल तरच मागवा. त्यांच्या 'वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट' संचांपैकी पहिल्यात 'तूकी बूकी' आणि 'तिताश', दुसऱ्यात ब्रोकाचा 'इन्सियांग' (१९७६), तिसऱ्यात 'रगबार' आणि मेद होंदोचा 'सोलेई ओ' (१९७०), चौथ्यात 'सांबिझांगा', 'चेस ऑफ द विंड' आणि कॅमेरूनचा 'मुना मोतो' (१९७५) आहे. म्हणजे चौथा एकच घ्यायचा ठरला तरी या दशकाचे तीन हाती येतात.

फुकट आणि अधिकृत हवं असेल तर रशियाचा मोसफिल्म स्टुडिओ आणि कोरियन फिल्म आर्काइव्ह यांच्या यूट्यूब वाहिन्या आहेत, दोन्हींवर बऱ्याच चित्रपटांना इंग्रजी सबटायटल्स आहेत.

मोठ्या पडद्यासाठी जानेवारीत पुण्याचा महोत्सव आणि नोव्हेंबरमध्ये गोव्याचा इफ्फी. तिथे वेळापत्रकात नव्या चित्रपटांच्या गर्दीत 'रिस्टोअर्ड' असा शिक्का असलेले खेळ आधी शोधा. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने श्रीलंकेच्या सुमित्रा पेरिसांचा 'गेहेनु लामाई' (१९७८) नव्याने साफ केला आहे. आपल्या इतक्या जवळच्या देशाचा चित्रपट यादीत नसणं बरोबर नाही, सप्टेंबरच्या शेवटी त्याला जागा द्या.

---

पाणकावळा

सप्टेंबर फारच भरला की. ११, १४ आणि आता हा.

---

झरोका

११ ला चिलीचा फक्त दुसरा भाग, तो दीड तासाचाच आहे. 'कानोआ'ची तारीख मात्र हलवता येणार नाही. १४ सप्टेंबर १९६८ च्या पावसाळी रात्री पुएब्ला विद्यापीठाचे पाच तरुण कर्मचारी डोंगर चढायला म्हणून सान मिगेल कानोआ गावात थांबले. पाद्रीने 'कम्युनिस्ट आले' असं भरवलेलं गाव त्यांच्यावर तुटून पडलं. शेवट काय होणार ते सुरुवातीलाच सांगून टाकलेलं आहे, आणि मग तासभर नुसतं गाव दिसतं : कर्ज, दारू, ध्वनिक्षेपक. ते सगळं सावकाश बघायचं आहे. त्यानंतर दहा-बारा दिवस मोकळे, मग 'गेहेनु लामाई'.

'सिन्दबाद'बद्दल विचारणा आली होती. ग्युला क्रूदीच्या कथांवर आहे. मरायला टेकलेला रसिक माणूस, आठवणीतल्या बायका, पानगळ, बर्फ, सूपवर तरंगणारे तेलाचे थेंब. हाडातली मगज काढून खाण्याचा प्रसंग प्रसिद्धच आहे. उपाशीपोटी बघू नका आणि जेवून लगेचही नको. आठवणी कुठल्याही क्रमाने येतात, तो क्रम लावत बसू नका. रंग हीच त्याची गोष्ट आहे, त्यामुळे धूसर जुनी प्रत असेल तर थांबा, चांगली मिळाल्यावर पुढच्या नोव्हेंबरला बघा.

---

मोडीवाचक

३१ डिसेंबरच्या चित्रपटाची वेळ ठरवून टाका. 'आयरनी ऑफ फेट' दोन भागांचा दूरचित्रवाणीपट आहे, एकूण १८४ मिनिटं. १ जानेवारी १९७६ ला सोव्हिएत दूरचित्रवाणीवर पहिल्यांदा लागला आणि रशियात आजही नववर्षाला लागतो. मॉस्कोत मित्रांबरोबर हमामात प्यायलेला डॉक्टर चुकून लेनिनग्राडला जाऊन पोचतो. तिथेही त्याच नावाचा रस्ता, तशीच इमारत, त्याच क्रमांकाचं घर, आणि किल्लीही लागते. सुरुवातीची एकसारख्या इमारतींवरची ॲनिमेशन-फीत गाळू नका, सगळ्या विनोदाची गुरुकिल्ली तिथे आहे. नायिका बार्बरा ब्रिल्स्का पोलिश. तिचा बोलण्याचा आवाज वालेन्तिना तालिझिनाचा आणि गाण्याचा आला पुगाचोवाचा. गाण्यांत त्स्वेताएवा आणि पास्तरनाक यांच्या कविता आहेत, तेव्हा इथेही गाण्यांची सबटायटल्स असलेलीच प्रत.

साडेआठला सुरू करा, दोन भागांच्या मध्ये दहा मिनिटं थांबा. पावणेबाराला संपतो.